कुशल कोणास म्हणावे?

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी कर्मातील कौशल्यास योग असे म्हटले आहे. हे वचन आपल्या देशात इतके सर्वपरिचित आहे की, ज्यांनी गीतेचे दुसरे अक्षर वाचले नाही त्यांच्याही तोंडी ते असते. परंतु जे वचन सर्वांच्या तोंडी असते त्याच्या अर्थाकडे बहुधा कोणाचे लक्ष नसते. माझेही नव्हते. ते लक्ष वेधले एका साध्या प्रश्नाने.

आमच्या येथे दर एकादशीस काही गृहस्थमंडळी गीतावाचनासाठी जमतात. एके दिवशी हे वचन चालले असता, एका बँकेत रोखपाल म्हणून आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या सद्गृहस्थांनी विचारले, "शास्त्रीबुवा, कौशल्य हाच जर योग, तर वर्ष-दीड वर्ष आखणी करून, एकही कुलूप न फोडता तिजोरी रिकामी करणारा चोर योगीच म्हणायचा की काय? आम्ही प्रामाणिक माणसे तर साधी बेरीजही दोनदा चुकतो!" मंडळी हसली. मीही हसलो आणि 'कर्म म्हणजे येथे विहित कर्म' असे शास्त्रोक्त उत्तर देऊन पुढील श्लोकाकडे वळलो. उत्तर चुकीचे नव्हते. परंतु घरी जाताना मला जाणवले की, त्याने प्रश्नाचे तोंड मिटले, प्रश्न मिटला नाही. तो आज वाचकांसमोर पुन्हा मांडतो, आणि केवळ कल्पनेवर न सोडता एका घडलेल्या गोष्टीवर घासून पाहतो.

अमेरिकेतील बोस्टन नगरात ब्रिंक्स नावाच्या कंपनीची कचेरी होती. व्यापाऱ्यांची व कारखान्यांची रोकड सुरक्षितपणे ने-आण करणे आणि सांभाळणे हा त्या कंपनीचा व्यवसाय. १७ जानेवारी १९५० रोजी सायंकाळी सातच्या सुमारास सात माणसे त्या कचेरीत शिरली. अंगात खलाशांसारखे जाड कोट, डोक्यावर मोटारचालकाची टोपी, तोंडावर मुखवटा, हातांत मोजे आणि पायांत आवाज न होणारी पादत्राणे. आतील पाच नोकरांना त्यांनी दोरीने बांधले, तोंडांना चिकटपट्टी लावली आणि वीस मिनिटांच्या आत १२ लाख डॉलरांहून अधिक रोकड व १५ लाखांहून अधिक रकमेचे धनादेश आदी कागद पिशव्यांत भरून ती निघून गेली. त्या देशात तोवर एवढी मोठी लूट झाली नव्हती. एकही गोळी सुटली नाही, बोटाचा एकही ठसा उरला नाही.

हे काम एका रात्रीचे नव्हते. टोळी एकंदर अकरा जणांची होती आणि तिची तयारी दीड वर्षाहून अधिक काळ चालली होती. वाटेतील दारांची पाच कुलपे त्यांनी वेगवेगळ्या रात्री काढून नेली. प्रत्येकाची किल्ली बनवून घेऊन ते कुलूप त्याच रात्री पूर्ववत बसविले, आणि तोवर दाराशी आपली माणसे राखणीस ठेवली. धोक्याची घंटा कशी चालते हे कळावे म्हणून ती बसविणाऱ्या कंपनीच्या कचेरीत शिरून त्यांनी तेथील आराखडे पाहिले व परत ठेवून दिले. कोणत्या वेळी कोणते दिवे लागतात यावरून आत काय चालले असेल हे ते बाहेरून ओळखू शकत. निर्णायक दिवसापूर्वी पाचसहा वेळा ते सज्ज होऊन गेले आणि परिस्थिती अनुकूल नाही असे पाहून रिक्त हस्ते परतले. त्या सायंकाळीही समोरच्या घराच्या छपरावरून एका साथीदाराने खूण केली, तेव्हाच इतरांनी पाऊल उचलले.

यानंतरची गोष्ट अधिकच विचार करण्याजोगी आहे. त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्याचा खटला सहा वर्षांच्या आत भरावा लागे. सहा वर्षे कोणी तोंड उघडावयाचे नाही, पैसा उधळून लोकांच्या डोळ्यांत भरावयाचे नाही, असा त्यांचा करार होता. सहा वर्षांचे मौन! सहा वर्षांचा संयम! वाचकहो, आपणापैकी किती जणांस एका चातुर्मासाचा नियम अखेरपर्यंत पाळता येतो? आमच्या रोखपाल महाशयांचा प्रश्न येथे आपल्या पूर्ण बळाने उभा राहतो. दक्षता होती, अभ्यास होता, धैर्य होते, इंद्रियांवर लगाम होता. मग उणे काय होते?

प्रथम दैव आडवे आले. लूट नेण्यासाठी वापरलेली चोरीची मालमोटार त्यांनी तुकडे करून पिशव्यांत भरली व बोस्टनजवळच्या स्टॉटन गावाच्या कचऱ्याच्या जागी टाकली. मार्च १९५० मध्ये ते तुकडे सापडले. थंडीने भूमी गोठली नसती तर टाकणाऱ्याने त्या पिशव्या पुरल्या असत्या, असा तपास करणाऱ्यांचा तर्क होता. टोळीतील जोसेफ ओकीफ आणि स्टॅन्ली गुसिओरा हे दोघे त्याच परिसरात राहणारे. संशय त्यांच्याकडे वळला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात हे दोघे दूर पेनसिल्व्हेनिया राज्यात पकडले गेले, आणि कशासाठी? तर बंदुका आणि कपडे यांच्या किरकोळ चोरीसाठी! लक्षावधी डॉलरांचा वाटेकरी कपड्यांच्या चोरीत सापडावा, यास दैव म्हणावे की स्वभाव, हे वाचकांनीच ठरवावे.

दोघांस कारावास झाला. ओकीफने आपल्या वाट्यातील बहुतेक रक्कम एका साथीदाराकडे ठेवावयास दिली होती. खटल्याच्या खर्चासाठी त्याने ती मागितली. ती त्यास मिळाली नाही. इतरांनीही हात आखडता घेतला. सुटून आल्यावर त्याने धमक्या दिल्या. जून १९५४ मध्ये त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एका हल्ल्यात भाडोत्री मारेकऱ्याने त्यास जखमी केले, तरी तो वाचला. या हल्ल्यांमागे आपलेच सोबती आहेत, याविषयी त्याच्या मनात संशय उरला नाही. पुढे दुसऱ्या गुन्ह्याखाली तो पुन्हा तुरुंगात असता, ६ जानेवारी १९५६ रोजी त्याने एफबीआय या केंद्रीय तपास खात्याच्या अधिकाऱ्यांस सर्व वृत्तांत सांगितला. सहा वर्षांची मुदत संपण्यास तेव्हा अकरा दिवस उरले होते. १२ जानेवारीस धरपकड सुरू झाली. टोळीतील एक जण त्यापूर्वीच मृत्यू पावला होता. गुसिओरा खटल्यापूर्वी वारला. ओकीफ सरकारपक्षाचा साक्षीदार झाला. आणि उरलेल्या आठांस ऑक्टोबर १९५६ मध्ये जन्मठेपेची शिक्षा झाली. लुटलेल्या रोकडीपैकी ६० हजार डॉलरही परत मिळाले नाहीत.

ही गोष्ट ऐकून 'पाहा, पापाचा घडा भरला!' असे म्हणणे सोपे आहे. परंतु मला ते पुरेसे वाटत नाही. समजा, भूमी गोठलेली नसती. समजा, ओकीफचे पैसे त्यास वेळेवर मिळाले असते. तर अकरा दिवस निघून गेले असते आणि कायद्याचे हात बांधले गेले असते. जगात न पकडले गेलेले चोर थोडे नाहीत. पकडला गेला म्हणून चोर वाईट, असे जर आपण मुलांस शिकविले, तर न पकडला जाणारा चोर चांगला, असेही आपण नकळत शिकवितो. धर्माचा पाया इतका डळमळीत असू शकत नाही.

मग खरा विचार कोठे आहे? गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: कर्माचे अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची साधने, विविध हालचाली आणि पाचवे दैव. कर्म न्याय्य असो वा विपरीत, कारणे हीच पाच, असे भगवंत तेथे स्पष्ट सांगतात. म्हणजे सज्जनाची शेती आणि चोराची चोरी या दोहोंना हाच नियम. बोस्टनच्या मंडळींनी स्थान निरखले, माणसे निवडली, किल्ल्या घडविल्या, हालचालींचा सराव केला. चार कारणांवर त्यांनी अपार श्रम घेतले. पाचव्यासाठी मात्र त्यांच्या आखणीत जागा नव्हती. जो केवळ स्वतःसच कर्ता समजतो त्याची दृष्टी खरी नव्हे, असे भगवंत तेथेच पुढे सांगतात. गोठलेल्या भूमीने त्यांना तेवढीच आठवण करून दिली. परंतु दैव शेतकऱ्यासही फसविते. पाऊस न आल्याने ज्याचे पीक जळते तो शेतकरी दुःखी होतो, पण शेजाऱ्यास भीत नाही. उलट शेजारीच त्यास बियाणे देतो. तेव्हा दैवाने फसविल्यावरही माणसाजवळ काय शिल्लक राहते, यावरून त्याच्या कर्माची जात ओळखावी. या अकरांजवळ काहीच शिल्लक राहिले नाही, कारण त्यांची खरी हानी दैवाने केलीच नव्हती.

ती हानी पहिल्या दिवशीच झाली होती. परक्याची ठेव आपली मानणे, या एकाच संकल्पावर अकरा जण एकत्र आले होते. त्याच संकल्पाने ओकीफची ठेव एका साथीदाराने आपली मानली. यात त्याने टोळीचा नियम मोडला की पाळला? मी जितका विचार करतो तितके मला वाटते की, त्याने तो पाळला. बाहेर चोरी आणि आत सचोटी, अशी भिंत मनात घालता येत नाही. प्रत्येकजण दुसऱ्याच्या मौनावर जगत होता आणि त्या मौनाला लोभाशिवाय दुसरा आधार नव्हता. पाच कुलपांच्या किल्ल्या त्यांनी घडविल्या. विश्वासाची किल्ली लोहाराकडे घडत नाही. म्हणून विश्वासघात हा त्या योजनेत बाहेरून आलेला अपघात नव्हता. तो बीजातच होता आणि आपल्या ऋतूत उगवला. सहा वर्षांपैकी एक रात्रही त्यांनी परस्परांविषयी निःशंक होऊन झोप घेतली असेल, असे मला वाटत नाही. ते पकडले गेले नसते, तरी हे बंधन सुटले नसते.

आता मूळ शब्दाकडे येऊ. 'कर्मणि कुशलः' हे उदाहरण काव्यप्रकाशात मम्मटाने लक्षणेच्या विवेचनात घेतले आहे. कुश म्हणजे दर्भ. ते आणणारा तो कुशल, हा शब्दाचा मूळ अर्थ. दर्भाचे पाते धारदार असते. ते उपटावे, परंतु बोट कापू देऊ नये, यास जे अवधान लागते त्यावरून 'कुशल' शब्द निपुण या अर्थी रूढ झाला, असे आम्हांस पाठशाळेत सांगत. पुढे गीतेवरील शांकरभाष्य शिकताना याच शब्दाचा गाभा समोर आला. आचार्य म्हणतात की, कर्माचा स्वभावच बांधण्याचा आहे. समत्वबुद्धीने ते केले असता त्याचा हा स्वभाव सुटतो, आणि हेच येथील कौशल्य. दोन्ही अर्थ किती जुळतात पाहा! दर्भ हाती यावा आणि हात न कापावा. कर्म पार पडावे आणि कर्त्यास न बांधावे. या कसोटीवर बोस्टनच्या टोळीने दर्भ उपटला खरा, परंतु अकराही हात कापून घेतले. तेव्हा रोखपाल महाशयांस माझे उत्तर असे की, चोर निपुण असतो, कुशल नसतो.

ओकीफच्या कृत्यास काय म्हणावे, हाही एक नाजूक प्रश्न आहे. तो खरे बोलला, आणि त्याच्या खऱ्यामुळे न्याय झाला. पण ते खरे त्याने सूड म्हणून उच्चारले. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपात सत्याबरोबर हितकारकता आणि उद्वेग न करणे यांचीही गणना आहे. ओकीफचे शब्द सत्य होते, तप नव्हते. पैसे हाती आले असते तर तो बोललाच नसता. समाजास त्या सत्याचा उपयोग झाला. बोलणाऱ्यास त्याने शुद्ध केले, असे मात्र म्हणवत नाही.

याच्या उलट चित्र आपल्या संस्कृत वाङ्मयात आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिकातील शर्विलक हाही चोरीच्या शास्त्रात पारंगत. चारुदत्ताच्या भिंतीस भोक पाडताना ते कोणत्या आकाराचे शोभेल याचा तो विचार करतो, आणि मापाची दोरी विसरल्याचे ध्यानात येताच गळ्यातील यज्ञोपवीताने माप घेतो! ज्या मदनिकेस दास्यातून सोडविण्यासाठी त्याने दागिने चोरले, ती वसंतसेनेची दासी. आणि दागिने नेमके वसंतसेनेचेच, तिने चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवलेले. दैव येथेही आडवे आले. परंतु मदनिकेने त्यास पकडून दिले नाही आणि पाठीशीही घातले नाही. चारुदत्ताने पाठविले असे सांगून दागिने वसंतसेनेस देऊन टाक, असा सल्ला तिने दिला. तो त्याने मानला, आणि सर्व ऐकत असलेल्या वसंतसेनेने मदनिकेस मुक्त करून त्याच्या स्वाधीन केले. त्याचीही योजना फसलीच. पण जेथे ती फसली तेथे कोणीतरी त्याचे हित इच्छिणारे उभे होते. म्हणून चोरी बुडाली आणि माणूस वर आला. बोस्टनला चोरी बुडाली आणि माणसेही बुडाली.

हे सर्व मी दुसऱ्यांविषयी लिहीत आहे, असे वाचकांस वाटू नये. मी व्यवसायाने भाषांतरकार. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका लहान वेदान्त-प्रकरणाचे मराठी भाषांतर माझ्याकडे आले होते. मुदत थोडी होती. एका वृद्ध शास्त्रीबुवांनी त्याच प्रकरणाचे आपले हस्तलिखित भाषांतर मला पाहावयास दिले. मी ते पाहिलेच नाही, तर घेतले. शब्द बदलले, वाक्यांचा क्रम फिरविला, जेथे त्यांचे वळण ओळखू येईल तेथे मुद्दाम दुसरे वळण दिले. एवढी दक्षता मी मुळाच्या अर्थासाठी घेतली असती, तर उसनवारीची गरजच पडली नसती! पुस्तक छापले गेले. मी ते त्यांच्या हाती दिले. त्यांनी पाने चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवले. तेथे मूळ संस्कृतात 'न' होता; माझ्या भाषांतरात नकार गळाला होता आणि अर्थ उलटा झाला होता. ते शांतपणे म्हणाले, "बाळ, ही चूक माझी आहे. माझ्या वहीत हा नकार लिहावयाचा राहिला. तू ती चूक कशाला नेलीस?"

त्यांनी हे कोणासही सांगितले नाही. सांगितले असते तर मी त्यांच्यावर रागावलो असतो आणि कदाचित आजवर स्वतःचे समर्थन करीत राहिलो असतो. त्यांच्या मौनाने ती वाट बंद केली. पुढील आवृत्तीत मी तो नकार घातला, आणि प्रारंभी त्यांचे ऋण स्पष्ट शब्दांत मान्य केले. ती प्रत घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ती वाचली, काही बोलले नाहीत, आणि उठून फडताळातून दुसरी वही काढून माझ्यापुढे ठेवली. त्या दिवशी मला जे परत मिळाले ते पाच कुलपे उघडूनही मिळाले नसते.

आपण गृहस्थ आहोत. आपणापैकी कोणी मुखवटा लावून तिजोरीवर जाणार नाही. परंतु वजनात थोडे कमी, हिशेबात थोडे अधिक, भावाच्या वाट्यात एक ओळ संदिग्ध, मालात थोडी भेसळ, यांची आखणी घरोघरी किती काळजीपूर्वक चालते! विचारल्यास उत्तर एकच: मुलाबाळांसाठी. वाल्या कोळ्यानेही हेच उत्तर दिले होते. आणि नारदांच्या सांगण्यावरून घरी जाऊन 'पापाचे वाटेकरी व्हाल काय?' असे विचारले, तेव्हा धनाचे वाटेकरी असलेले घरातील सारे मागे सरले. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. ज्या मुलांसाठी आपण खोटा हिशेब लिहितो, ती मुले शेजारी बसून आपला हिशेब पाहत असतात. बाहेरच्यास फसविणे ही घरातील रीत झाली की, ती उंबरठ्याबाहेरच थांबेल अशी कोणती भिंत आपण बांधणार? म्हातारपणी मुलाने कागदावर अंगठा घेतला म्हणून रडणाऱ्या बापाने पहिला अंगठा कोणी कोणाचा घेतला, हे एकदा आठवून पाहावे.

म्हणून एखादे काम हाती घेताना 'हे पार पडेल काय?' या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारण्याची सवय करावी. दैवाने हे काम मोडले तर माझ्याजवळ काय उरेल? आणि माझ्या सोबत्यास हे सर्व ठाऊक असताही मी त्याच्या शेजारी निर्धास्त झोपू शकेन काय? या दोहोंचे उत्तर ज्यास निःशंकपणे देता येते, त्याची बेरीज दोनदा चुकली तरी चिंता नाही. दर्भ त्याच्या हाती आहे आणि बोट शाबूत आहे. कुशल तो.

पुढील एकादशीस मी हे उत्तर आमच्या रोखपाल महाशयांस सांगितले. ते थोडा वेळ स्तब्ध राहिले व म्हणाले, "शास्त्रीबुवा, चाळीस वर्षे परक्यांचे पैसे मोजले. कधीकधी बेरीज चुकली, रात्री आठपर्यंत बसून पुन्हा मोजले. पण घरी गेल्यावर झोप मात्र लागत असे." मग आम्ही पुढील श्लोक वाचावयास घेतला.